नाव न विचारणारी बाई

जालन्यात सळईच्या कारखान्यात मी भट्टीवर काम करतो. फुप्फुसाच्या कॅन्सरवर संशोधन चालतं अशा एका प्रयोगशाळेतली बाई मधूनमधून आमच्याकडं यायची. कँटीनच्या टेबलावर बर्फाचा डबा ठेवायची अन् आमचा बेडका छोट्या डबीत घ्यायची. डबीवर नुसता ज्याचा त्याचा नंबर चिकटवायची. झाकण लावलं तरी अंगठ्यानं पुन्हा एकदा दाबून बघायची.

पहिल्या वेळी मी नाव सांगायला लागलो, तर तिनं हातानंच थांबवलं.

"नाव नका सांगू, भाऊ. आम्हाला नंबरच बरा. नाव कळलं की काचेखाली माणूस दिसायला लागतो."

तेव्हा आम्ही हसलो. पण घरी मला खोकला आला की बायको हातातलं काम थांबवून माझ्याकडं बघायची, अन् मला ती डबी आठवायची. कारखान्यात मात्र बाईनं झाकण दाबून पुढच्याला बोलावलं, की मला एकदम हलकं वाटायचं.

मागच्या आठवड्यात ती पुन्हा आल्ती. या वेळी डबा न्हवता, रांगही न्हवती. सुपरवायझरनं एकट्या माझाच नंबर पुकारला. मी कँटीनमध्ये गेलो. टेबल रिकामं होतं, तरी तिचा अंगठा टेबलाची कड दाबून राह्यला होता.

"मॅडम, काय निघालं का माझ्यात?"

ती माझ्याजवळ खुर्ची ओढून बसली अन् हळूच म्हणाली, "भाऊ, तुमचं नाव काय?"