मुकादमाला दिलेली पाव गोळी

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात बसणाऱ्या काकांना सगळी गल्ली ‘अर्धे डॉक्टर’ म्हणायची. म्हणायची थट्टेनं, पण त्या थट्टेत विश्वास होता. कुणाच्या पोराला ताप भरला, कुणाच्या सासूबाईंची शुगर वर गेली, कुणाला दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर चालतील का असा प्रश्न पडला, की पावलं आधी काकांच्या काउंटरकडे वळायची. काका चष्मा कपाळावर चढवून शांतपणे ऐकून घ्यायचे आणि बहुतेकांना एकच सांगायचे, “डॉक्टरांना दाखवा. मी दुकानदार आहे.” चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागायला आलेल्या एका धिप्पाड गृहस्थांना त्यांनी एकदा इतकं झापलं होतं, की ते बिचारे खोकल्याच्या चार गोळ्या घेऊन मुकाट्यानं निघून गेले.

असा हा माणूस. त्या रविवारी जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं, तर काकांनी त्याची सालटी काढली असती.

घरात माणसं दोनच, काका आणि काकू. तिसरा मुकादम. मुकादम म्हणजे राखाडी रंगाचा, मानेला वळ्या पडलेला गलेलठ्ठ बोका. काकू भाजी चिरायला घ्यायच्या तेव्हा तो ओट्यासमोरच्या स्टुलावर बसून असा रोखून बघायचा, की जणू संध्याकाळी मजुरी तोच वाटणार आहे. म्हणून ते नाव. बोका काकूंचा. काका त्याला ‘तुझं मांजर’ म्हणायचे. पण रात्री दुकान बंद करून आले की चप्पल काढता काढता विचारायचे, “काय मुकादम, आज किती जणांना कामावरून काढलं?” आणि मुकादम शेपटीचं टोक तेवढं हलवायचा.

त्या दिवशी सकाळी स्टूल रिकामं होतं. मुकादम पलंगाखाली भिंतीला चिकटून पडला होता. मागच्या पायावर ओरखडा, कान तापलेले. आदल्या रात्री गच्चीवर मांजरांची जुंपली होती, त्यात साहेबांनीही हात धुऊन घेतले असावेत. काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

“ताप आहे हो अंगात. पण आज रविवार, दवाखाना बंद. उद्या सकाळीच नेते त्याला.” त्या बहिणीकडे जायला निघाल्या होत्या. दारात थांबून म्हणाल्या, “पाणी ठेवलंय. पडू दे त्याला गप. उगाच त्रास देऊ नका.”

काका वर्तमानपत्र घेऊन बसले. दोन ओळी वाचल्या, की वाकून पलंगाखाली बघायचे. तो डोळे अर्धवट मिटून पडलेला. ताप म्हणजे ताप, काकांच्या मनात आलं. तापाची गोळी घरात आहे, रोज शेकड्यानं विकतो आपण. मोठ्या माणसाला एक, लहान मुलाला अर्धी, मग एवढ्याशा जिवाला पाव. हिशोब त्यांना अगदी चोख वाटला. ब्लेडनं गोळीचे चार तुकडे करायला त्यांना पळभरही लागलं नाही. एक तुकडा कुटला, डब्यातल्या माशाच्या पाण्यात कालवला आणि बशी पलंगाखाली सरकवली. मुकादमानं आधी तोंड फिरवलं, पण माशापुढे त्याचं काही चाललं नाही. बशी चाटून पुसून लख्ख केली. काकांना बरं वाटलं. दुपारी त्यांनी परत कान चाचपले. अजून गरमच. तेव्हा दुसरा तुकडा त्याच वाटेनं गेला.

काकू परतल्या आणि पर्ससुद्धा खाली न ठेवता पलंगाशी वाकल्या.

“अहो! इकडे या, लवकर या!”

मुकादमाच्या तोंडातून लाळ गळत होती. चेहरा सुजला होता, डोळे आत गेल्यासारखे दिसत होते. पोट भात्यासारखं वरखाली होत होतं. काकूंनी ओठ वर करून दाखवला. गुलाबी हिरड्या काळपट तपकिरी झाल्या होत्या, कोऱ्या चहासारख्या. काकांनी काही विचारायच्या आतच काकू बोलत सुटल्या. “वरच्या मजल्यावरच्यांनी उंदराचं औषध टाकलंय, मी सांगत होते! त्यानं काहीतरी विषारी खाल्लंय हो.”

काकांनी नेहमीच्या दवाखान्याला फोन लावला. उचलला तो यंत्रानं. दवाखाना सोमवारी उघडेल, तातडीचं काही असेल तर अमुक नंबरवर फोन करा. काका आयुष्यभर डॉक्टरांचं किरटं अक्षर वाचत आले होते, पण तो सरळ बोललेला नंबर त्यांना एका दमात उतरवून घेता येईना. दोनदा ऐकावा लागला. लावला, तर एंगेज. परत लावला, परत एंगेज.

काकूंचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचा टॅक्सीवाला धावत वर आला. शेजारपाजारच्या कुठल्याही भानगडीत तो आधी पोचायचा.

“विषबाधा? दूध पाजा, काकू. दूध विष मारतं. नाहीतर मिठाचं पाणी द्या घशात ओतून, ओकून टाकेल सगळं.”

काकू स्वयंपाकघरात पळाल्या. दुधाचं भांडं हातात घेऊन त्या परत येतात तोच पलीकडून फोन उचलला गेला. बाईंचा आवाज, घाईचा पण ठाम. प्राण्यांचा तातडीचा दवाखाना, मी डॉक्टर बोलतेय. काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

“श्वास कसा आहे? तोंड उघडं टाकून घेतोय का? हिरड्यांचा रंग सांगा.”

काकूंनी सांगितलं.

“घरात उंदराचं औषध, फिनेल, झाडांवरचं औषध? फुलदाणीत लिलीची फुलं? कुठल्या गोळ्यांचं पाकीट कुरतडलंय का?”

“वरच्यांनी टाकलंय ना उंदराचं,” काकू म्हणाल्या.

“त्यानं हिरड्या अशा होत नाहीत सहसा,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही त्याला काही औषध दिलंय का? घरातलं, माणसाचं?”

हा प्रश्न काकांनी स्वतः काउंटरमागून किती लोकांना विचारला होता. आधी काही घेतलंत का? खोटं बोलणारा कोण हे त्यांना लगेच कळायचं. तो उत्तर द्यायच्या आधी काचेतल्या बाटल्यांकडे बघायचा. आता ते स्वतः भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. काकू “नाही नाही, काहीच नाही” म्हणून मोकळ्याही झाल्या.

“दिलंय,” काका म्हणाले. “मी दिलंय. पॅरासिटामॉल. पाव गोळी. सकाळी.”

काकूंनी दुधाचं भांडं टेबलावर ठेवलं. ठेवताना आवाज झाला नाही, त्याचीच काकांना भीती वाटली.

“बरं. नीट ऐका,” डॉक्टर म्हणाल्या. “मांजराच्या शरीराला ते औषध पचवताच येत नाही, थोडंसुद्धा. त्याचं रक्त आता प्राणवायू वाहून न्यायला कमी पडतंय. दूध देऊ नका, मीठ देऊ नका, ओकायला तर मुळीच लावू नका. एवढी धाप लागलेली असताना ते फुप्फुसात जाईल. हवा खेळेल अशा टोपलीत घाला, दाबून धरू नका, गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या आणि निघा. याच्यावर उतारा आहे. पण माझ्याकडे एकाला पुरेल एवढंही शिल्लक नाही. माणसांच्या औषधाच्या दुकानात मिळतं, रविवारी उघडं असलेलं एखादं दुकान वाटेत—”

त्यांनी औषधाचं नाव सांगितलं. काकांना ते कपाटातल्या जागेसकट ठाऊक होतं. हीच तापाची गोळी माणसानं भलतीच जास्त घेतली, तर त्यालाही तेच देतात.

“आहे,” ते म्हणाले. “माझंच दुकान आहे.”

“तुम्ही केमिस्ट आहात?”

“हो.”

“मग लवकर या,” डॉक्टर म्हणाल्या आणि पत्ता सांगून त्यांनी फोन ठेवला.

टॅक्सीवाल्यानं पुढचा एकही सल्ला दिला नाही. तो गाडी काढायला धावला. काकू कपड्यांच्या टोपलीत मुकादमाला घेऊन मागे बसल्या, काका पुढे. दुकानाशी गाडी थांबली. कुलपात किल्ली जाईना. रोज डोळे मिटून उघडायचे ते कुलूप, आज किल्ली चहूबाजूंनी नुसती आपटत होती. शेवटी टॅक्सीवाल्यानं उतरून शटर वर ढकललं. मागच्या कपाटातून काकांनी इंजेक्शनच्या बाटल्या काढल्या, तारीख बघितली, परत बघितली, पिशवीत टाकल्या.

बाहेर येतात तो एक ओळखीचे आजोबा समोर उभे.

“अरे वा, आज उघडं! एक डोकेदुखीची द्या हो जरा, साधीच.”

“नाही!” काका इतक्या जोरात ओरडले, की आजोबा दोन पावलं मागे सरले. शटर धाडकन खाली आलं.

रस्ता काही सरता सरेना. प्रत्येक सिग्नल लाल. काका मागे वळून बघत नव्हते, तेवढी हिंमतच नव्हती. मागून काकूंचा आवाज अधूनमधून यायचा. “घेतोय श्वास.” मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, “घेतोय.”

दवाखान्यात डॉक्टरांनी टोपली हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतली. चाळिशीच्या, केस करकचून बांधलेल्या बाई. पिशवीतल्या बाटल्या बघून त्यांनी नुसती मान हलवली. काचेच्या दारापलीकडे मुकादमाला प्राणवायूच्या पेटीत ठेवलं गेलं. पायावरचे केस काढून सुई लावली. काकू बाकावर बसल्या. काका उभेच.

“सकाळी पाव गोळी, बरोबर?” आत जाताना डॉक्टरांनी विचारलं होतं. “म्हणजे आता औषधाचा जोर ओसरायला लागायला हवा. बघू या.” काकांनी मान डोलावली होती.

आणि आता ते काचेतून बघत होते. ती बाई एका चुकीच्या आकड्यावर हिशोब मांडतेय, हे तिथे फक्त काकांना माहीत होतं. दुसऱ्या वेळचं बोलायला जीभ का उचलत नव्हती हे त्यांचं त्यांनाच कळेना. एक चूक म्हणजे चूक. दोनदा केली की तिला काय म्हणायचं? काकू चार हातांवर बसल्या होत्या. “उगाच त्रास देऊ नका” असं सांगून गेलेल्या काकू.

मुकादमानं आत मान टाकली. निदान काकांना तसं वाटलं. त्यांनी दारावर टकटक केली, मग न थांबता दारच उघडलं.

“डॉक्टर, पाव नाही. दोनदा पाव. दुपारी परत दिली होती.”

डॉक्टरांनी वर बघितलं. रागावल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं.

“बरं झालं सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “म्हणजे औषधाचा जोर अजून ओसरायला लागलेलाच नाही, चढतोच आहे. मी त्याला उद्याच घरी सोडायचा विचार करत होते. आता सोडणार नाही. तुम्ही बाहेर बसा.”

काका बाहेर आले. काकूंनी सगळं ऐकलं होतं. टॅक्सीवाला चहाच्या शोधात गेला, की मुद्दामच बाजूला झाला, कोण जाणे.

“दुसऱ्यांदा का दिलीत?” काकूंनी विचारलं.

“कान गरम होते अजून.”

“मला फोन करायचा ना.”

“तू नको म्हणाली असतीस.”

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. “मग?” त्या म्हणाल्या. “मी नको म्हटलं असतं. मग?”

काकांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, लावला, परत काढला. शेवटी काकूंनी थोडं सरकून बाकावर जागा केली. काका बसले.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आल्या. श्वास थोडा सावकाश झालाय, एवढंच म्हणाल्या. यकृताचं दोन-तीन दिवसांनी कळेल. वचन देणार नाही. घरी जा, मी फोन करेन.

रात्रभर फोन दोघांच्या मधे उशीवर होता. झोप कुणालाच नाही. सकाळी तो वाजला तेव्हा दोघांनी एकदम हात घातला आणि तो पलंगाखाली जाऊन पडला. काका पोटावर झोपून तो काढेपर्यंत काकूंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हिरड्या जरा उजळल्यात, डॉक्टर म्हणाल्या. पाणी प्यालाय. मला नखही मारलंय.

काकूंनी तेव्हा पहिल्यांदा पदर डोळ्यांना लावला.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, यकृत थोडं दुखावलं होतं पण सावरत होतं. आठवडा सरता सरता मुकादम घरी आला. अंगाचं पार चिपाड झालं होतं आणि पायावर मोजा काढल्यासारखा गुलाबी पट्टा. यकृतासाठी पातळ औषध होतं, सुई नसलेल्या सिरिंजनं सकाळ-संध्याकाळ द्यायचं. पहिल्या संध्याकाळी काकांनी सवयीनं बाटली हातात घेतली, लेबल वाचलं, झाकण फिरवलं. काकू समोर उभ्या होत्या. त्यांनी फक्त हात पुढे केला. काकांनी बाटली त्यांच्या हातात दिली. तेव्हापासून काकू औषध भरायच्या, उजेडात धरून रेघ बघायच्या, आणि काका टॉवेलात गुंडाळलेल्या मुकादमाला धरायचे. मुकादम काही गप्प बसणारा नव्हता. काकांच्या मनगटांवर ओरखडेच ओरखडे उठले. दुकानात लोक विचारायचे, हे काय हो काका? काका सगळं सांगायचे, गोळीचं नाव, दोनदा दिली ते, सगळं. काही जण ऐकून हसायचे, काही जण घरातल्या मांजराची आठवण होऊन गडबडीनं निघायचे.

औषध संपलं तरी काकांची एक खोड गेली नाही. मधूनच रात्री उठायचे, टॉर्च घेऊन पलंगाखाली वाकायचे आणि हळूच मुकादमाचा ओठ वर करायचे. मुकादम फिस्स करायचा.

“गुलाबी आहेत का?” अंधारातून काकू विचारायच्या.

“आहेत.”

“मग झोपू द्या त्याला.”

काका टॉर्च विझवायचे. पण थोडा वेळ तिथेच जमिनीवर बसून राहायचे, त्याचा श्वास ऐकत.