मुळाशी अडकलेला चेंडू

"मी सरकवला नाही. पाय लागला. माणसाला पाय असतात, ते लागतात," नवरा म्हणाला. बूट अजून पायातच होते आणि तळव्यांना चिकटलेलं गवत दिवाणखान्यातल्या गालिच्यावर गळत होतं.

"चुकून लागणारा पाय आधी मागे वळून बघत नाही," बायको म्हणाली.

"झालं! चार लोकांत नवऱ्याची शोभा केलीस, आता घरात पुरावे दे."

"पुरावे कशाला? चेंडू होता तिथे परत ठेवला. विषय संपला."

सासूबाई खुर्चीत बसून मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवत होत्या. "पण मी म्हणते, एवढ्याशा चेंडूसाठी? घरातली गोष्ट घरात ठेवावी, सूनबाई."

"आई, ती घरात झालीच नव्हती."

मुलीला हसू आलं. वडिलांनी बघितल्यावर तिने ते मोबाइलमध्ये लपवलं.

नवरा टायरचा डीलर. त्याचं बोलणं मोठं, हसणं मोठं, गोल्फच्या मैदानावर फटकाही मोठा. इतर डीलर खेळायला लागले म्हणून तोही लागला. चेंडू नजरेआड गेला की तो काठी खांद्यावर टाकून लोकांकडे वळायचा. चेंडू कुठे पडला हे बघण्यात त्याला फारसा रस नसे.

बायको चष्म्याच्या दुकानात कामाला. फ्रेमची काडी गरम करायची, बोटांनी किंचित वाकवायची, गिऱ्हाइकाच्या कानामागे बसवून बघायची, पुन्हा काढायची. जोर जास्त झाला तर काडी मोडते, कमी झाला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं. या कामाचं तिला कौतुक नव्हतं आणि कंटाळाही नव्हता.

क्लबात दरवर्षी नवरा-बायकोंच्या जोड्यांचा सामना व्हायचा. दोघांत चेंडू एकच. लांबचे फटके एकाने मारायचे आणि चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, जवळ आला की पुढचं दुसऱ्याने सांभाळायचं. कुणी काय करायचं हे घरात विचारलंच गेलं नाही. नवऱ्याने आपल्या पिशवीतून दोन जुन्या काठ्या काढून दिल्या. "तुला एवढ्या पुरेत."

पहिल्या वर्षी तिचा चेंडू ग्रीनच्या या कडेवरून त्या कडेला गेला, तिथून परत आला. नवरा कमरेवर हात ठेवून उभा. "हिच्या हातात येईपर्यंत आम्ही पुढे असतो," तो सगळ्यांना सांगत होता. सगळे हसले. तीही हसली. सोमवारी दुकानातून सुटल्यावर मात्र ती घरी न येता क्लबच्या म्हाताऱ्या प्रशिक्षकाकडे गेली.

त्याने तिला थोडा वेळ मारू दिलं. मग म्हणाला, "बाई, तुम्ही होलकडे बघता. होल कुठे पळून जात नाही. चेंडू पडणार कुठे, ते आधी ठरवा. पुढे तो आपला आपण घरंगळतो."

तिने गच्चीवर जुना टॉवेल अंथरला. चेंडू टॉवेलवरच पडायला हवा. सुरुवातीला एक कुंडी फुटली, शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरीत एक चेंडू जाऊन बसला. ऊन खायला बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "माझ्यावर नेम धरला असशील तर तसं सांग, मी खाली जाते." मग टॉवेलची घडी करून अर्धा केला. नंतर पाव. आता तिला इस्त्रीच्या टेबलावरून उडवून पलीकडे ठेवलेल्या धुण्याच्या टोपलीत चेंडू टाकता यायचा. खाली नवरा टीव्ही बघत असायचा. वरून टक्-टक् ऐकू येतं, एवढीच त्याची तक्रार.

आज शेवटच्या होलला त्यांची आणि दुसऱ्या एका जोडीची बरोबरी होती. नवऱ्याच्या फटक्याने चेंडू ग्रीनशेजारच्या झाडाच्या मुळाशी जाऊन बसला होता. मध्ये वाळूचा खड्डा. नवरा भराभर पुढे गेला. मागून येताना तिने पाहिलं, त्याने वळून बघितलं आणि बुटाच्या टोकाने चेंडू मोकळ्या गवतावर घेतला.

तिने चेंडू उचलला, मुळाशी परत ठेवला आणि दुसऱ्या जोडीला हाक मारून सांगितलं, "आमच्याकडून चेंडू हलला. एक फटका दंड लिहा." मग तिथूनच मारला. चेंडू वाळूवरून गेला, तिने ठरवलेल्या जागी पडला आणि घरंगळत होलपासून हातभर अंतरावर थांबला. पुढच्या फटक्यात आत. सामना ते एका फटक्याने हरले.

टायरच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात नवऱ्याने कपसाठी कालच जागा केली होती. तिथला खेळण्यातला ट्रक घरी येऊन टीपॉयवर पडला होता.

"कप गेला तो गेला," तो आता बूट काढत म्हणाला. "वर उपकाराची जाणीव नाही. मी काय माझ्यासाठी केलं? तुझ्यासाठीच केलं ना! तिथून तुला जमणार नव्हतं म्हणून!"

"म्हणजे पाय लागला नव्हता," मुलगी मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली.

सासूबाईंनी मान हलवायची थांबवली.

"जमलं की," बायको म्हणाली. आवाज चढला नव्हता. "वर्षभर गच्चीवर काय चाललं होतं असं वाटलं तुम्हाला?"

"अगं, गच्ची वेगळी, मैदान वेगळं..."

"एकदा वर येऊन बघायचं होतंत."

तिने झाडू आणून गालिच्यावरचं गवत एका कोपऱ्यात ओढलं. ट्रक उचलून टीव्हीशेजारी ठेवला. मग झाडू हातात धरूनच तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पुढच्या रविवारपासून मी जोडीत खेळणार नाही. एकटी खेळणार. चेंडू माझा, पहिल्यापासून शेवटपर्यंत."

"आणि लांबचे फटके कोण मारणार?" नवऱ्याने विचारलं.

"मीच. जातील तेवढे जातील. सकाळी लवकर निघेन. नाश्ता ज्याचा त्याने करून घ्यायचा."