सात नंबरचं टोकन

आज दुपारी अवधूतला पंचगंगेच्या घाटावर ठेवून आलो.

घरी आलो, आंघोळ केली, जेवलो. जेवण गेलं. त्याचंच नवल वाटतंय.

अवधूत माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि धंद्यातला पार्टनर. राजारामपुरीत आमचं दोघांचं छोटं ऑफिस. पॅथॉलॉजी लॅबना रिपोर्ट काढायचं सॉफ्टवेअर देतो. कोड दोघंही लिहायचो. बोलायचा फक्त तो.

कस्टमरचा फोन वाजला की मी त्याच्याकडे बघायचो. तो म्हणायचा, "ह्याला पार्टनर केलाय का ऑफिसात मुका देव बसवलाय, कळंना झालंय."

त्याला लिव्हरचं दुखणं होतं. दिवाळीपासून ऑफिसपेक्षा हॉस्पिटलमध्येच जास्त.

एक गोष्ट सांगतो. थोडी टेक्निकल आहे, पण त्यानं मला जशी शिकवली तशीच सांगतो.

प्रोग्रामनं फाईल उघडली की सिस्टिम त्याला एक नंबर देते. फाईल डिस्क्रिप्टर म्हणतात. पुढचं लिहिणं-वाचणं सगळं त्या नंबरवर. कॉलेजात हे माझ्या डोक्यात शिरत नव्हतं.

अवधूतच्या मामांचं देवळाबाहेर चप्पल स्टँड होतं. सुट्टीत तो तिथं बसायचा. म्हणाला, "चप्पल ठेवली, टोकन घेतलं. चप्पल नेली, टोकन परत. मोकळ्या टोकनांतलं सगळ्यात लहान पुढच्या पावण्याला. ह्यात न कळण्यासारखं काय हाय?"

तेव्हापासून आमच्यात डिस्क्रिप्टर हा शब्दच नाही. टोकन.

मागे गडहिंग्लजच्या लॅबमधून डॉक्टर मॅडमचा फोन आला. एका पेशंटच्या रिपोर्टमध्ये दुसऱ्याच्या शुगरच्या ओळी आल्या होत्या. सही करताना त्यांच्या लक्षात आलं म्हणून बरं. तसाच पेशंटच्या हातात गेला असता तर काय झालं असतं, ते त्यांनी मला नीट ऐकवलं. पुन्हा झालं तर सॉफ्टवेअर काढून टाकणार म्हणाल्या.

मी फक्त "हो मॅडम" म्हणत होतो.

चूक सापडेपर्यंत प्रत्येक रिपोर्ट मूळ आकड्यांशी ताडून बघा, असं सगळ्या लॅबना कळवलं. मेसेज करून. फोन नाही केला.

एकदम बरेच रिपोर्ट निघाले की होत होतं. शोधायला वेळ लागला, कारण मी आधी माझाच कोड तपासत बसलो.

चूक अवधूतच्या कोडमध्ये होती.

स्टँडर्ड लायब्ररीत, म्हणजे आयत्या मिळणाऱ्या कोडमध्ये, एक सोय आहे. टोकन तिच्या हवाली केलं की काम संपल्यावर ती स्वतःच ते परत करते. अवधूतनं हवाली केलं होतं. तरी खाली एक ओळ होती, तेच टोकन पुन्हा परत करणारी.

म्हणजे असं. सात नंबरवाला चप्पल घालून गेला. सात नंबर दुसऱ्याला मिळाला. तेवढ्यात पहिला मागे वळून म्हणाला, सात नंबर परत घ्या. स्टँडवाल्यानं दुसऱ्याची चप्पल काढून टाकली आणि सात नंबर तिसऱ्याला दिला. आता दुसरा आपलं सात नंबरचं टोकन घेऊन येतो आणि तिसऱ्याच्या चपलेत पाय घालतो. तशाच एका पेशंटच्या ओळी दुसऱ्याच्या रिपोर्टमध्ये.

गर्दी नसेल तर दुसरा-तिसरा कुणी नसतोच. मग सिस्टिम नुसती एरर देते. तीही त्यानं कोडमध्ये गप्प करून ठेवली होती.

ती ओळ काढली. मुद्दाम गर्दी करून पुन्हा पुन्हा तपासलं. थांबलं.

मग हॉस्पिटलला गेलो. आरतीवहिनींनी दारातच सांगितलं, ऑफिसचं काही काढू नका, त्रास करून घेतात.

मी काढणार नव्हतो.

तो पिवळा पडला होता. मला बघून म्हणाला, "काय रं संद्या, तोंड पाडून आलायस. कोण गेलं काय?"

वहिनी म्हणाल्या, काहीही बोलता.

मग त्यानंच गडहिंग्लजचं काढलं. मॅडमनी त्यालाही फोन केला होता. मी म्हणालो, सापडलं. टोकन दोनदा परत जात होतं.

त्यानं विचारलं,

"माझ्याच कोडात न्हवं?"

मी मान हलवली.

"मान काय हलवतोस. बोल की."

"व्हय. तुझीच चूक."

तो हसला. हसताना पोट धरलं. मामानं कानाखाली वाजवली असती म्हणाला.

मग म्हणाला, मॅडमना फोन लाव. मी लावला आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं घेतला नाही.

"तू बोल. अवधूतची चूक हुती म्हणून सांग. काय केलंस ते बी सांग. मी हाय तवर एकदा ऐकू दे."

वहिनी खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी बोललो. आमची चूक होती म्हणालो. तो हात छातीवर आपटून खुणावत होता, माझी, माझी. मग अवधूतची म्हणालो. मॅडमनी बरंच विचारलं. जमेल तसं सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, ठीक आहे, चालू ठेवू.

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "जमतंय की."

आणि डोळे मिटले. झोप लागली असेल म्हणून मी निघालो.

त्यानंतर तो बोलण्याच्या स्थितीत नव्हता.

आज घाटावरून आल्यावर एकेका लॅबला फोन केले. प्रत्येकानं आधी विचारलं, आपण कोण? इतकी वर्षं आमचं सॉफ्टवेअर वापरतात, पण माझा आवाज कुणाला माहीत नाही. अवधूतचा पार्टनर, असं सांगायचो. मग पुढचं सांगायचो.

गडहिंग्लजच्या मॅडमनी मात्र ते विचारलं नाही. म्हणाल्या, "बोला, संदीप."

त्यांना सांगायला वेळ लागला.

ज्यांना फोन लागला नाही त्यांच्यासाठी हे लिहिलंय. रक्षाविसर्जन उद्या सकाळी आहे. लॅबवाल्यांनी काळजी करू नये, काम चालू राहील. काही अडलं तर ऑफिसच्या त्याच नंबरवर फोन करा.

मी उचलेन.

अवधूत, निवांत जा.