कापसाखालची गाडी

आमची विजेवरची गाडी घरात आल्यावर दुसऱ्याच दिवशी कापसाखाली गाडली गेली, आणि गाडणाऱ्यांत मी होतो.

त्या वेळी मी मोताळ्याच्या एका कृषी केंद्रात बीटी कपाशीची पाकिटं विकत होतो. (बोंडअळी पडली की लोक कंपनीला सोडून मलाच शोधत यायचे, हा भाग वेगळा.) माझी बायको शोभा नर्सिंगचा कोर्स करून चार वर्षं सरकारी ऑर्डरची वाट पाहत होती. पोस्टमन दिसला की ती ओसरीत येऊन उभी राहायची, आणि तो लांबूनच मान हलवून पुढे जायचा. शेवटी एकदाची ऑर्डर आली! धामणगाव बढेच्या सरकारी दवाखान्यात नेमणूक, घरापासून नऊ किलोमीटर. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की शुक्रवारी दुपारी बारापर्यंत हजर न झाल्यास नेमणूक रद्द समजावी.

शोभा म्हणाली, सोमवारीच एसटीनं जाऊन सही करून येते. पण माझ्यातला नवरा जागा झाला. नर्सबाई काय खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणार? मी तिला थांबवलं आणि मलकापुरातून गाडी आणली. दिसायला मोपेड, चालायला वीज आणि दोन्ही बाजूंना सायकलसारखी पायडलं. परवडणारीही होती. दुकानदारानं सांगितलं की शहरातली माणसं हीच गाडी घेऊन ऑफिसला जातात. पेट्रोल नको, काही नको, चार्जिंग संपलंच तर पायडल मारा आणि घरी पोचा. दोघं बसले तर चालेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, दोघं काय, अख्खी फॅमिली बसवा. (तो स्वतः चारचाकीनं घरी जायचा, हे मला नंतर कळलं.)

गाडी आली बुधवारी संध्याकाळी. गुरुवारी अमावास्या, म्हणून आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नव्या गाडीवर सुनेला बाहेर पाठवायला साफ नकार दिला. कापूस भरायला मात्र त्यांना अमावास्या चालत होती.

आमच्याकडे भाव नसला की कापूस बाजारात जात नाही, घरात राहायला येतो. माणसं ओसरीत आणि कापूस खोलीत, अशी वाटणी होते. त्या वर्षी अर्धा माल बोंडअळीनं खाल्ला होता आणि उरलेल्यासाठी आबा भावाची वाट पाहत होते. मागच्या खोलीत कापूस भरायचा हे ठरलेलं होतं, आणि चार्जिंगचं बटनही नेमकं त्याच खोलीत होतं. मी सकाळी गाडी तिथं चार्जिंगला लावली, नव्या सीटवर कोंबड्या बसू नयेत म्हणून वरून गोधडी टाकली आणि कामावर गेलो. कापूस यायच्या आधी शोभा गाडी बाहेर काढेल असं मला वाटलं. दुपारी मी येऊन काढीन असं शोभाला वाटलं. आबांना ते गोधडीखालचं आईचं शिलाई मशीन वाटलं.

मी आलो तोवर खोली कमरेइतकी भरली होती. कापूस तुडवला नाही तर मावत नाही, म्हणून आबांनी मला वर चढवलं. मी मनापासून तुडवला. एका कोपऱ्यात पायाला टणक लागलं तेव्हा मी कौतुकानं सांगितलं, "आबा, इथं माल मस्त बसला!" आणि त्या जागी आणखी चार उड्या मारल्या.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता शोभा पांढरी साडी नेसून, हातात फाईल घेऊन दारात उभी राहिली.

"गाडी काढा," ती म्हणाली.

"तू कुठं ठेवली?"

"मी? तुम्ही नाही काढली?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी मागच्या खोलीकडं पाहिलं. कापूस आढ्याला टेकला होता.

तेव्हाच निघाली असती तर तिला एसटी मिळाली असती. पण मी म्हणालो, दहा मिनिटांत काढतो. मी दोन पाट्या कापूस अंगणात आणून टाकला आणि आबा आडवे आले. माल उघड्यावर पडला की लोकांना वाटेल बुढा विकून राह्यला, असं त्यांचं म्हणणं होतं. आता आबांचा लौकिक असा, की त्यांनी कापूस विकला की आठवड्याच्या आत भाव चढतो. हे अख्ख्या गावाला ठाऊक. आमच्या अंगणात कापूस दिसताच बाजाराला निघालेल्या दोन बैलगाड्या कोपऱ्यावरूनच माघारी वळल्या! माणसं जमली. मागोमाग गावातले खरेदीदार सलीमभाई खांद्यावर तोलकाटा टाकून धापा टाकत हजर झाले. त्यांची मोटारसायकल तरी मागावी, तर ती त्यांचा पोरगा सकाळीच घेऊन गेलेला.

आबा दारात हात पसरून उभे. एवढ्यात बाराच्या आत पोचवणाऱ्या शेवटच्या एसटीचा हॉर्न वाजला, गाडी थांबली आणि निघूनही गेली. शोभाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज हलला नाही.

"आबा, भाव पुन्हा येईन," ती म्हणाली. "हे पत्र पुन्हा नाही येत."

आबांनी टोपी काढून खुंटीला लावली, धोतर खोचलं आणि सलीमभाईंना म्हणाले, "सलीम, काटा ठेव बाजूले. तू तिकडून वढ."

मग काय विचारता! सगळी गर्दी कापसाला लागली. दोन तासांनी गोधडी दिसली, गोधडीखाली गाडी दिसली. एक आरसा वाकला होता (माझ्या चार उड्या). मी किल्ली फिरवली. काहीच नाही. रात्रभर चार्जिंगला असलेली गाडी मेलेली कशी?

"कापसाच्या खोलीत बटन चालू ठेवत असतेत काय बे?" आबा म्हणाले. "काल सकाळीच, तू गेला तसं बंद केलं म्या. ठिणगी पडली असती त?"

त्यांचं बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला. पण दुकानदाराचं वाक्य आठवलं, शोभाला मागं बसवलं आणि मी पायडल मारायला लागलो.

सायकलची पायडलं सायकलवर चालतात. बॅटरीसकट मोपेड आणि वर दोन माणसं, हे काम बैलाचं आहे. पहिल्या चढावर डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली एक म्हातारी आम्हाला मागं टाकून गेली आणि पुढं थांबून, काही बिघडलं काय, म्हणून विचारपूसही करून गेली. अंगभर कापूस, त्यावर घाम, त्यामुळे खाज अशी, की एका हातानं हँडल आणि दुसऱ्यानं मान खाजवणं चाललं होतं. तीन किलोमीटरला पाऊण तास गेला.

"उतरा," शोभा म्हणाली.

मला वाटलं, दम खायला. मी उतरलो. तिनं फाईल पिशवीत घातली, पदर खोचला, माझ्या जागेवर बसली आणि निघाली. बाई एकटी असल्यावर ती गाडी चांगली पळत होती! वळणावर तिनं मागं वळूनही पाहिलं नाही, आणि मला त्याचं इतकं बरं वाटलं की मी रस्त्यातच टाळी वाजवली.

उरलेलं अंतर मी चालत गेलो. दवाखान्यात पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. पोटऱ्यांत गोळे, डोळे सुजलेले, डोक्यापासून पायापर्यंत कापूस. शिपायानं मला थेट तपासणीच्या बाकावर नेऊन झोपवलं. टेबलावर हजेरीचं पुस्तक उघडं होतं. त्यात शोभाची सही होती, शेजारी वेळ लिहिलेली : अकरा वाजून पन्नास मिनिटं. चार वर्षांची वाट त्या सहीत संपली होती. मला रडूच आलं.

डॉक्टरसाहेबांना वाटलं, फारच दुखतंय. त्यांनी नव्या नर्सबाईंना हाक मारली. शोभा इंजेक्शन घेऊन आली. साहेबांनी माझा कापूस पाहिला, तिच्या पदरालाही चिकटलेला पाहिला, माझं रडणं पाहिलं आणि तिला विचारलं, "सिस्टर, तुमच्याच रस्त्यानं आलेले दिसतात. ओळखता का यांना?"

शोभानं माझ्याकडं नीट पाहिलं, सुईतली हवा काढली आणि म्हणाली, "वाटेत दिसले होते, सर."