मय्यतीला पाणी घालणारा सिराज

श्रीवर्धनचा सिराज वेल्डर पितो, हे कुवेतच्या मंगफ भागात राहणाऱ्या सगळ्या कोकणी माणसांना ठाऊक होतं. सत्तावन्न साली इथे आला तेव्हा पाच वक्तांचा नमाजी. तीन वर्षांत पार वाया गेला. दारू इथे मिळत नाही म्हणतात, पण पिणाऱ्याला ती कुठेही सापडते.

साठ साली त्याचा सख्खा मामा अशरफ वारला. मामानेच सिराजला इथे आणलं, पोटच्या पोरासारखं सांभाळलं. मय्यतीला आंघोळ घालायला नेहमीप्रमाणे वस्तीतले हुसेनचाचा बसले होते. सिराज रडत पुढे झाला. चाचांना वास आला.

"तू बाहेर थांब, बाबा," एवढंच ते म्हणाले.

मामाला शेवटचं पाणीही घालता येऊ नये? सिराजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चौथ्या दिवशी तो चाचांकडे गेला. "मला हे काम शिकवा."

"शिकवीन. पण मौत सांगून येत नाही. लोक कधीही बोलावतील. तेव्हा तू पाक, शुद्ध पाहिजेस."

झालं, तिथेच गडी अडकला. दारू जन्माची सोडायची म्हटलं की त्याला ते जमेलसं वाटत नसे. पण आज बोलावणं आलं तर आज पाक असायचं, एवढं त्याला पेलायचं. पहाटे हात-तोंड-पाय धुऊन, वजू करून नमाज पढायचा आणि अल्लाकडे आजच्यापुरतं मागायचा. दोनदा घसरला. दोन्ही वेळा स्वतः जाऊन चाचांना सांगितलं. त्यांनी शेजारी बसवून पुन्हा दुवा शिकवल्या.

पासष्टला गावाहून पत्र आलं. त्याची गावी आईजवळ राहणारी अडीच वर्षांची लेक सईदा तापाने गेली होती. दफन होऊन वीस दिवस झाले होते. सिराजने चपला घातल्या आणि सरळ दारूवाल्याची वाट धरली. आता कुणासाठी पाक राहायचं?

वाटेत शेजारचा यूसुफ धापा टाकत समोर आला. "सिराजभाई, तुमच्याकडेच निघालो होतो. माझी पोर लैला गेली हो. चाचा गावी आहेत, आणि तिची आई शुद्धीवर नाही."

सिराज त्याच्याबरोबर मागे वळला. दोन वर्षांची पोर. एवढ्या लहानीला पुरुषाने आंघोळ घातली तरी चालतं. तापवलेलं पाणी आलं. त्याने ते आधी आपल्या मनगटावर घेऊन पाहिलं.

"थोडं गार मिसळ," तो म्हणाला. "पोरीला पोळेल."

यूसुफ तोंड फिरवून रडू लागला. सिराज रडला नाही. त्याला दुवा चुकू द्यायच्या नव्हत्या.

त्यानंतर तो कधीच प्यायला नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "त्या दिवशी मी माझ्या सईदाला पाणी घातलं."