सूर्याकडे निघालेलं यान आणि सतरा नंबरची खूण

नागपूरचा मे महिना माणसाला भाजत नाही, मारतो. समोरून येत नाही. मागून येऊन मानेवर पहिला तडाखा हाणतो, आणि आपण वळेस्तोवर दुसरा. परवा भर दुपारी सीताबर्डीच्या फुटपाथवर असाच मार खात उभा होतो. शेजारच्या स्कूटरची सीट उकळत होती, बुडबुडे मी स्वतः पाहिले. एवढ्यात मागच्या कापडाच्या दुकानातला कूलर सुरू झाला, आणि नव्या ताट्यांमधल्या ओल्या वाळ्याचा वास फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांवरून माझ्यापर्यंत आला. ओला वाळा आणि जुना कागद, दोन्ही एकाच श्वासात. माझा हात आपोआप कपाळाकडे गेला, जणू आता कोणीतरी काहीतरी फेकून मारणार आहे. आमच्या घरात त्या वासामागोमाग नेहमी काहीतरी फेकलं जायचं.

आणि त्याच ढिगात ते दिसलं. कव्हर अर्धं गेलेलं, उरलेल्या अर्ध्यावर तोंड फुगवून बसलेला एक हिरवा सेनापती. आतल्या पानावर जांभळ्या शाईचा पुसट शिक्का, आणि कोपऱ्याला मुलीच्या तळव्याएवढा तपकिरी डाग. पुस्तकवाला म्हणाला, "चहा सांडला असंन साहेब."  तो चहा नव्हता, आमच्या घरचं रक्त होतं. कोणत्या भावाचं, एवढंच नक्की नव्हतं.

वडील आणि मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, नागपुरातल्याच सक्करदऱ्याला एकाच घरात राहायचे. मोठेबाबा कन्हानपलीकडच्या कोळसा खाणीत सुरुंग लावायचे. खाणीत त्यांना बारूदवाला म्हणत, आणि हा शब्द त्यांच्या कामाबद्दल कमी, स्वभावाबद्दल जास्त होता. त्यांनी हाक मारली की सक्करदऱ्याच्या तलावातले बगळे उडत. वडील कचेरीत कारकून, दिसायला मवाळ; पण भावाशी गाठ पडली की तेही पेटायचे. घरात कूलर एकच होता. मोठेबाबा रातपाळी करून यायचे आणि दिवसा झोपायचे, म्हणून कूलरचं तोंड आपल्या खोलीकडे वळवायचे. वडील ते परत वळवायचे. एका दुपारी वळवता वळवता मोठेबाबांनी वाळ्याची ताटी तिच्या जाळीसकट उपसून वडिलांच्या डोक्यात घातली. वडिलांनी पाण्याची लोखंडी बादली फिरवली. एकाला कपाळावर सात टाके, दुसऱ्याचे समोरचे दोन दात अंगणात. वाळ्याचं पाणी आणि रक्त मिसळून मोरीकडे वाहत गेलं, आणि आई सांगते, त्या रक्तालाही गारवा होता. माझं वाढवून सांगणं कुठून आलं ते आता कळलं असेल.

त्यानंतर अंगणात भिंत आली, दुसरा कूलर आला, आणि बोलणं बंद झालं. अकरा वर्षं. आई नऊ म्हणते. मी अकराच म्हणणार. निरोप बायकांच्या तोंडून जायचे. "वं, त्याले सांग, नळ आला." आणि भिंतीपलीकडून, "त्याले म्हणा, आमाले कान हायेत."

पण दोघांचं वाचनालय एकच होतं. सक्करदऱ्याच्या चौकात एक काटकुळे गृहस्थ ते चालवायचे. त्यांच्याकडे विनोदी विज्ञान कादंबऱ्यांचं एक अख्खं कपाट होतं आणि त्या कपाटाचा एक कायदा होता: वाचताना खळखळून हसू आलं की समासात पेन्सिलीने टिकलीएवढी खूण करायची आणि शेजारी आपला सभासद नंबर लिहायचा. गालातल्या गालात हसलेलं धरायचं नाही. खोटी खूण केली तर गृहस्थ लाकडी रूळ हाणत. कोणत्या खुणा खोट्या, हे त्यांना कसं कळायचं देव जाणे. पण मला दोनदा बसला आहे, आणि दोन्ही वेळा खूण खोटी होती.

मोठेबाबांचा नंबर सतरा, वडिलांचा एकतीस. आधी मोठेबाबा पुस्तक नेत, मग वडील. वडील पलंगावर पडून वाचायचे, आणि मी पाहायचो की त्यांची नजर मजकुराआधी समासात जाई. सतरा दिसला की ते आधी ओठ चावायचे, भावाला हसू आलं तिथे आपल्याला येता कामा नये म्हणून. आणि मग येऊ नये ते हसू पलंगासकट त्यांना हलवायचं.

सुरुंग लावणारा माणूस या पुस्तकांमध्ये काय शोधत होता, हे मला फार उशिरा कळलं. खाणीत एकदा छत बसलं आणि त्यांच्या हातातला बारुदीचा डबा हातातच राहिला, डब्याचा दुसरा कान धरलेला माणूस राहिला नाही. त्या माणसाविषयी ते कधी एक शब्द बोलले नाहीत. पण ज्या गोष्टीत सकाळच्या चहाआधी तीन ग्रह फुटतात आणि त्या फुटण्यातून एक माणूस आपली दुसरी चप्पल शोधत बाहेर येतो, ती गोष्ट त्यांना पुन्हा पुन्हा हवी असायची. गंभीर विज्ञानकथा लवकर म्हातारी होते. तिच्यातलं यंत्र दहा वर्षांत बाजारात येतं आणि वीस वर्षांत भंगारात जातं. विनोदी विज्ञानकथेतलं यंत्र पहिल्या दिवसापासूनच बिघडलेलं असतं, म्हणून ते जुनं होत नाही. आकाशगंगा ओलांडून गेलेला माणूससुद्धा तिथे जाऊन खिडकीच्या जागेवरूनच भांडतो. शतकं बदलतात, खिडकी तीच. आणि त्या पुस्तकांत विध्वंस एवढा प्रचंड असतो की आपला राग त्याच्या शेजारी ठेवला तर शेंगदाण्याएवढा दिसतो. खायची इच्छा होते, फेकून मारायची नाही.

तर या हिरव्या सेनापतीच्या पुस्तकात पृथ्वीवर हल्ला करायला एक यान निघतं. सेनापती आणि उपसेनापती यांचं खिडकीच्या जागेवरून भांडण होतं, एकमेकांची शिंगं मोडतात, आणि बोलणं बंद. यान वाट चुकून सूर्याकडे निघतं. ब्रेक सेनापतीच्या हाताशी, आणि समोरचा सूर्य फक्त उपसेनापतीच्या खिडकीतून दिसणारा. त्याने "ब्रेक दाबा" एवढंच म्हणायचं आहे. तो म्हणत नाही. आधी सेनापतीने बोलावं, हा हट्ट. यानाचा पत्रा वितळायला लागतो, सैन्य आमरस होतं, आणि दोघं तोंड फिरवून बसलेले. त्या पानाच्या समासात अख्ख्या सक्करदऱ्याच्या खुणा होत्या, नंबरावर नंबर चढले होते. फक्त सतरा नव्हता. आणि एकतीस नव्हता.

हे गृहस्थांच्या लक्षात यायचंच होतं. एका संध्याकाळी दोघं भाऊ चुकून एकाच वेळी वाचनालयात आले. मीही होतो, कॉलेजात होतो तेव्हा. गृहस्थांनी पान उघडून चारचौघांत विचारलं, "काहून गा, बारूदवाले? सारा मोहल्ला हासला या पानावर. तू काहून नाही?"

"मले नाही आलं हासू," मोठेबाबा म्हणाले.

वडील कपाटाकडे तोंड करून म्हणाले, "ज्याच्यावरच लिवलं, त्याले कसं येईन?"

वाचनालयात सुई पडली असती तर स्फोट झाला असता. मोठेबाबा सावकाश वळले. "तू मले बोलला का?"

"मी हवेले बोललो."

"हवेनं आयकलं," मोठेबाबा म्हणाले, आणि अकरा वर्षांचा साठलेला ठोसा सुटला.

त्यानंतर जे झालं त्याला भांडण म्हणणं म्हणजे सुरुंगाला टाळी म्हणणं. वडील कपाटावर गेले, कपाट दोघांवर आलं, आणि तीनशे कादंबऱ्या त्यांच्या डोक्यांवर कोसळल्या. एकेका डोक्यावर किती सूर्यमाला आदळल्या त्याचा हिशेब नाही. वडिलांनी मोठेबाबांचं मनगट चावलं, मोठेबाबांनी वडिलांचं नाक फोडलं, गृहस्थ वरून दोघांनाही रूळ हाणत होते आणि प्रत्येक फटक्याला ओरडत होते, "पानं! पानं फाटून राहिली!" मी दोघांना सोडवायला गेलो आणि कोणाच्या तरी कोपराने माझा दात हलला. अजून हलतो.

मग मोठेबाबांनी वडिलांना गळ्याला धरून भिंतीला टेकवलं. हात उगारला. आणि तो हात खाली आला तो कपाळावरच्या जुन्या टाक्यांवर, अंगठा टेकवून.

"दुखते का रे अजून?"

वडील धापा टाकत म्हणाले, "ढग आले का दुखते."

मोठेबाबांना खोकला लागला, तो बराच वेळ थांबला नाही. तो कोळशाचा खोकला होता. डॉक्टर काय म्हणाले ते भिंतीच्या दोन्ही बाजूंना ठाऊक होतं, आणि दोन्ही बाजू ठाऊक नसल्यासारख्या वागत होत्या. ढिगाऱ्यातून त्यांनी तेच पुस्तक उचललं. कोणाचं तरी रक्त त्यावर पडलं. "पुन्हा वाचतो," ते म्हणाले. "आलं हासू तं खूण करीन."

दुसऱ्या दिवसापासून वडील सकाळी अंगणात दात घासायला उभे राहिले की भिंतीवरून ओरडायचे, "आलं का?"

पलीकडून यायचं, "नाही गा."

बस. एवढंच. अख्खा उन्हाळा. रोज. "आलं का?" "नाही गा." कधी खोकला आधी यायचा, कधी नंतर. वडील चिडायचे. "लेकाचा मुद्दाम करते," आईला सांगायचे. "दगडाले हासू येईन त्या पानावर." पण सकाळ चुकवायचे नाहीत. मृगाच्या आधी एका सकाळी त्यांनी विचारलं आणि पलीकडून काही आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग भिंतीवर चढले. पन्नाशीतला कारकून, दंतमंजनाचा फेस तोंडात, सहा फुटांची भिंत. यात मी एक इंचही वाढवलेला नाही.

मोठेबाबा गेले. त्यांच्या मुलाने पुढे घर सोडलं, सामान भंगारात गेलं. पुस्तक त्यात होतं का, हे वडिलांनी कधी विचारलं नाही. वाचनालयही मिटलं.

तर परवा मी ते घरी आणलं. वडील आता चौऱ्याऐंशीचे. कूलरसमोर खुर्ची टाकून बसतात, कूलरचं तोंड कोणी वळवत नाही. मी दारातच ते पान उघडून पाहिलं होतं. समासात सतरा नव्हता. खूण सोडाच, पेन्सिल टेकवल्याचा डागसुद्धा नाही. आता तुम्ही मला ओळखता. आयुष्यभर मी सूर्य उकळवले आहेत, एक खूण माझ्याने होणार नव्हती का? खिशात पेन्सिल होती. पण लहानपणी बसलेला रूळ हाताला आठवला.

त्यांनी कव्हर पाहिलं आणि ओळखलं. "त्याची खूण हाये का?"

"आहे," मी म्हणालो.

"खोटं बोलून राहिला." त्यांनी पुस्तक हिसकावलं, भिंगाचा चष्मा पानाला चिकटवला, समास वरपासून खालपर्यंत बोटाने चाचपला.  आणि मग त्यांच्या पोटातून कुठून तरी ते वर आलं. आधी खुर्ची हलली, मग हात, मग कपाळावरचे सात टाके लाल झाले. डोळ्यांतून पाणी, तोंडातून दातांची कवळी बाहेर यायच्या बेतात.

"नाही केली!" ते ओरडले. "लेकानं शेवटवरी नाही केली! अरे, केली असती तं मी दुसऱ्या दिवशी विचारलं असतं का?"

त्यांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग हात पुढे केला. मी पेन्सिल दिली. त्यांनी एक खूण केली, शेजारी एकतीस लिहिला, इतका दाबून की मागच्या पानावर उमटला. वरची थोडी जागा सोडून, मोठ्या भावासाठी सोडतात तेवढी.

त्या पानावर यान अजून सूर्याकडेच निघालेलं आहे. कोणी ब्रेक दाबलेला नाही. ताट्यांवरून पाणी ठिबकतंय, घरभर वाळ्याचा वास आहे, आणि परवापासून वडील सकाळी अंगणात उभे राहतात. भिंत केव्हाच पडली. तरी तिच्या जागेकडे तोंड करून, दात नसलेल्या तोंडाने, हळूच विचारतात, "आलं का?" आणि मग उत्तराला लागेल तेवढा वेळ थांबतात.