आग्नेलबाब आणि दोन मदरबोर्ड

बंद पडलेला मदरबोर्ड हातात आला की आग्नेलबाब आधी त्यावरून बोट फिरवायचे आणि ते बोट जिभेला लावायचे. मग निदान सांगायचे, "खारो आसा. दर्याकडचो." पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला किळसच आली. बोर्ड माझा होता! मालवणात किनाऱ्याला लागून मी पर्यटकांना खोल्या देते. बुकिंगचा कॉम्प्युटर खिडकीशी, आणि खिडकी कायम सताड उघडी.

त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान जवळच्या कट्टा गावच्या बाजारात. वर्षानुवर्षं त्यांनी सगळ्यांना स्वस्तातलाच बोर्ड बसवून दिला. "स्वस्त काय, म्हाग काय, काम सारख्याच. गिरायकाक भुर्दंड कित्याक?" पण खारी हवा स्वस्त बोर्डाचे सांधे खाते, आणि आपण बसवलेला बोर्ड म्हणजे आपली जबाबदारी, असा या गृहस्थांचा हट्ट. साऱ्या पंचक्रोशीच्या दुरुस्त्या त्यांच्या गळ्यात. मुलगी लविना इंग्लंडात नर्स. ती बोलावून बोलावून थकली. यांचं आपलं एकच, "पावसाळो सरांदे गो."

मग लविनाला मुलगा झाला. बाप्तिस्म्याचा रविवार ठरला, तिकीट आलं आणि आग्नेलबाब बदलले. तेव्हाच माझा बोर्ड पुन्हा गेला होता. त्यांनी दोन खोके समोर मांडले.

"स्वस्तातलो घेतलंस तर मी तुजो, म्हागातलो घेतलंस तर मी माजो. बघ बाय."

महागातल्यात तांबं जाड, सांधे नीट झाकलेले. मी मुकाट्याने तोच घेतला. बाकीच्यांनी मात्र म्हाताऱ्याला हाव सुटली म्हणून नाकं मुरडली, फोनवरून स्वस्त बोर्ड मागवले आणि बसवायला यांच्याकडेच आणले. यांनी बसवले! मला संताप आला.

"नाही म्हणा ना त्यांना!"

"कसा म्हणू गो? स्वस्ताची सवय मीच लावलंय तेंका."

बाप्तिस्म्याच्या त्या रविवारी संध्याकाळी मी कट्ट्याला बाजाराला गेले, तर दुकानाचं शटर अर्धं वर. वाकून आत डोकावले. भरलेली बॅग कोपऱ्यात आणि आग्नेलबाब उघड्या कॉम्प्युटरवर ओणवे. शाळेचा कॉम्प्युटर होता तो, त्यांनीच बसवलेल्या स्वस्त बोर्डाचा. दहावीच्या मुलांची सगळी माहिती त्यातच, परीक्षेचे अर्ज भरायची सोमवारी शेवटची मुदत, आणि शनिवारी, हे निघायच्या वेळी, तो बंद पडला. नवा बोर्ड कोल्हापूरहून एसटीने आज सकाळी आला. विमान कालच गेलं होतं. शेजारी हेडमास्तर अवघडून उभे होते.

"तुम्ही जायला हवं होतंत," मी म्हणाले.

"आणि पोरांका खंय पाठवू?"

डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर लविनाचा व्हिडिओ कॉल चालू होता, त्यातून चर्चमधली गाणी ऐकू येत होती. पाद्र्याने पाणी घातलं असावं, कारण बाळाने जोरात टाहो फोडला. आग्नेलबाबांनी हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरसकट छातीवर क्रूस केला आणि दुसऱ्या हाताने वायर तशीच दाबून धरली.

"पप्पा, बाळ दिसता मां तुमका?" लविना विचारत होती.

"दिसता गो, दिसता. तुज्या आवशीसारख्या नाक आसा," ते म्हणाले.

हातातली वायर सुटू नये म्हणून त्यांनी मान वर केलीच नव्हती.